जिवाणूला दिशा कळत नाही, तरी तो पोहोचतो कसा?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

मागच्या अंकात जिवाणूंच्या हालचालीच्या गणितावर एक छोटं टिपण छापलं होतं. त्याचा गाभा असा: ई. कोलायसारखा जिवाणू साधारण सेकंदभर सरळ धावतो, मग सेकंदाच्या दहाव्या भागापुरती जागच्या जागी गिरकी घेतो आणि गिरकीनंतर तोंड जिकडे होईल तिकडे पुन्हा धाव घेतो. त्यावर जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून पत्रं आली. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : जिवाणू अन्नाकडे जातो असंही लिहिलंय आणि त्याला दिशा कळत नाही असंही लिहिलंय. दोन्ही खरं कसं? (अमळनेर)

हिवाळ्यात एखाद्या मळ्यात भरिताची पार्टी चालली आहे असं समजा. पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजताहेत. अंधार आहे, जाळ आडोशाला आहे, फक्त वास येतोय. तुम्ही चार पावलं चालता. वास वाढला तर तसेच पुढे जाता, कमी झाला तर वळता. उजव्या नाकपुडीला जास्त वास आला म्हणून उजवीकडे गेलो, असं कोणी म्हणत नाही. आत्ताच्या वासाची मघाच्या वासाशी तुलना, एवढ्यावरच काम भागतं.

जिवाणूही हेच करतो, पण तेही अर्धवट. वास उतरला की तुम्ही निदान ठरवून मागे फिरता. त्याला तेही जमत नाही, कारण गिरकीनंतरची दिशा त्याच्या हातात नसते. त्याच्या हातात एकच गोष्ट आहे: पुढची गिरकी लवकर घ्यायची की लांबवायची. अन्न वाढत असेल तर धाव लांबते, नाहीतर नेहमीएवढी राहते. लांबलेल्या धावा अन्नाच्या बाजूच्या आणि नेहमीच्या धावा इतर बाजूंच्या, यांची बेरीज केली की सरासरीत तो अन्नाकडे सरकतो.

हे नुसतं अनुमान नाही. हॉवर्ड बर्ग आणि डग्लस ब्राउन यांनी १९७२ मध्ये एकेका जिवाणूच्या मागे त्रिमितीत फिरणारा सूक्ष्मदर्शक वापरून धावा मोजल्या. गिरकीत दिशेतला बदल सरासरी ६८ अंशांचा निघाला (दिशा पूर्ण यादृच्छिक असती तर ९० आला असता), म्हणजे जिवाणू पुढचीच दिशा थोडी अधिक राखतो. त्याच वर्षी मॅकनॅब आणि कॉशलंड यांनी साल्मोनेला जिवाणूंच्या द्रावणात त्यांना आकर्षणारं सेरीन हे अमिनो आम्ल एकदम मिसळून सगळीकडे सारखं केलं. आता कुठल्याच बाजूला चढ, म्हणजे एका बाजूला जास्त आणि दुसरीकडे कमी असा फरक, उरला नव्हता. तरीही जिवाणूंनी काही काळ गिरक्या सोडून सरळ धावायला सुरुवात केली. म्हणजे तुलना जागेची नाही, काळाची आहे.

ही तुलना किती मागची? १९८६ मध्ये सेगॉल, ब्लॉक आणि बर्ग यांनी मोजलं: शेवटच्या सुमारे १ सेकंदाची आधीच्या सुमारे ३ सेकंदांशी. यापेक्षा लांब आठवणीचा उपयोगही नसता. पाण्याच्या रेणूंच्या धक्क्यांनी धावणारा जिवाणूसुद्धा सेकंदात तीसेक अंशांनी तिरपा होतो, दहा सेकंदांत तर काटकोनाएवढा. मघाची दिशाच उरली नाही तर मघाच्या वासाचं करायचं काय?

प्रश्न : वस्तुमान गुणिले त्वरण बरोबर बल, असं लिहून जिवाणूची गती का काढत नाहीत? (शिरपूर)

कारण त्या आकाराला जडत्व उरतच नाही. लांबी २ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), वेग सेकंदाला २० मायक्रॉन आणि पाण्याचा चिकटपणा घेतला तर रेनॉल्ड्स संख्या, म्हणजे चिकटपणाच्या तुलनेत जडत्व किती याचं माप, ०.००००४ येते. मोटर बंद पडली तर जिवाणू एका अणूच्या व्यासाएवढंही अंतर घसरत जात नाही, एका मायक्रोसेकंदाच्या आत थांबतो. एडवर्ड पर्सेल यांनी १९७७ मध्ये हा हिशोब मांडला. म्हणून प्रतिमानात (मॉडेलमध्ये) वेग थेट लिहायचा, त्वरणाच्या वाटेला जायचंच नाही. आणि धाव की गिरकी हे ठरवते ती मोटर: कशाभिकांच्या (पोहण्यासाठीच्या शेपटीसारख्या धाग्यांच्या) मोटरी घड्याळाच्या उलट फिरल्या की कशाभिकांची एकच जुडी वळली जाऊन धाव मिळते. त्यातली एखादी घड्याळाच्या दिशेने फिरली की जुडी उसवते आणि गिरकी होते.

प्रश्न : पायथॉनमध्ये १० जिवाणूंचं सिम्युलेशन केलं. पडद्यावर, म्हणजे द्विमितीत. वेग २० मायक्रॉन प्रति सेकंद, सरासरी धाव १ सेकंद, गिरकीचा कोन सरासरी ६८ अंश, काळाची पायरी ०.०१ सेकंद. तीन अडचणी आहेत. चढ नसताना खूप वेळ चालवलं तर विसरणांक (जिवाणू किती भराभर पसरतात त्याचं माप) ३०० च्या आसपास येतो, पुस्तकात २०० आहे. ॲस्पार्टेट या अमिनो आम्लाचा चढ दिला की पहिले आठ-नऊ सेकंद कोणीच गिरकी घेत नाही. आणि सरासरी सरक, म्हणजे चढाकडे सरकण्याचा वेग, दर वेळी वेगळी येते, कधी उलटीसुद्धा! (एम.एस्सी. गणित, जळगाव)

तिन्ही अडचणींची कारणं वेगवेगळी आहेत, आणि दुसरी अडचण खरं तर तुमच्या प्रोग्रामने नकळत दिलेली शाबासकी आहे. तिच्याकडे येऊच.

आधी ३०० आणि २००. धाव-गिरकीचा विसरणांक असा काढतात: वेगाचा वर्ग गुणिले सरासरी धावकाळ, भागिले [मिती गुणिले (१ वजा गिरकीच्या कोसाईनची सरासरी)]. कोन सरासरी ६८ अंश आणि त्यात ३६ अंशांचं विचलन घेतलं, तर कोसाईनची सरासरी ०.३ च्या आसपास येते. द्विमितीत उत्तर २९०, त्रिमितीत १९३ वर्ग मायक्रॉन प्रति सेकंद. तुमचा प्रोग्राम बरोबर आहे, फक्त पुस्तकातला आकडा त्रिमितीचा आहे. प्रयोगाशी ताडायचं असेल तर त्रिमितीतच चालवा. आणि विसरणांक काढताना सरासरी वर्ग-अंतराला द्विमितीत ४ गुणिले काळ, त्रिमितीत ६ गुणिले काळ या संख्येने भागायचं असतं. ही अदलाबदल सर्रास होते.

त्रिमितीत जाताना दोन खड्डे आहेत. पहिला, सुरुवातीच्या दिशा. ध्रुवापासूनचा कोन ० ते १८० मध्ये समान संभाव्यतेने उचलला तर ध्रुवांजवळ गर्दी होते. समान उचलायचा असतो त्या कोनाचा कोसाईन, −१ ते १ मध्ये. दुसरा, गिरकी. जुन्या दिशेला लंब अशी एक यादृच्छिक दिशा हवी. कुठलाही यादृच्छिक सदिश घ्या, त्यातून जुन्या दिशेवरचा घटक वजा करा, उरलेल्याची लांबी १ करा. मग नवी दिशा = जुनी गुणिले कोसाईन + लंब गुणिले साईन. दर काही हजार पायऱ्यांनी दिशेची लांबी पुन्हा १ करून घ्या, नाहीतर दशांशांच्या चुका साचून जिवाणूचा वेग हळूहळू बदलतो.

धाव चालू असतानाचा तिरपेपणाही धरला (फिरण्याचा विसरणांक ०.०६ रेडियन वर्ग प्रति सेकंद), तर २०० चा आकडा १६५-१७० वर उतरतो. पहिल्या प्रयत्नात हा भाग बंद ठेवा. साधं सूत्र जुळल्याशिवाय नवा परिणाम घालायचा नाही, नाहीतर चूक कुठली आणि विज्ञान कुठलं ते कळत नाही.

आता संवेदनेचा भाग. जिवाणूला दिसणारं संवेदन म्हणजे सांद्रता (द्रावणात रसायन किती दाट आहे ते) नाही, तिचा लॉगरिदमसारखा आकार: (१ + सांद्रता भागिले १८) याला (१ + सांद्रता भागिले ३०००) ने भागून त्याचा लॉगरिदम. सांद्रता मायक्रोमोलरमध्ये. हे १८ आणि ३००० ॲस्पार्टेटसारख्या मिथिल-ॲस्पार्टेटसाठीचे आकडे आहेत. यांच्या मधल्या पट्ट्यात जिवाणू किती पट वाढ झाली ते ओळखतो, किती एकक वाढ झाली ते नाही. १८ च्या फार खाली त्याला ऐकू येत नाही आणि ३००० च्या फार वर सगळं सारखंच वाटतं. चढ या पट्ट्याबाहेर दिला तर सिम्युलेशनमध्ये काहीच घडणार नाही, आणि ते योग्यच.

प्रत्येक जिवाणूला एक स्मृती द्या. दर पायरीला स्मृती संवेदनाकडे सरकते: स्मृतीतला बदल = (संवेदन वजा स्मृती) गुणिले पायरी, भागिले ३ सेकंद. गिरकीचा दर = सेकंदाला १, गुणिले घातांकी फल [−१० गुणिले (संवेदन वजा स्मृती)]. या पायरीत गिरकी होण्याची संभाव्यता = १ वजा घातांकी फल (−दर गुणिले पायरी). नुसतं दर गुणिले पायरी लिहिलं तरी ०.०१ सेकंदाला चालतं. पण घाईत पायरी ०.५ सेकंद केली की ०.३९ च्या जागी ०.५ येतात आणि सगळंच बिघडतं.

तुमची दुसरी अडचण इथेच आहे. स्मृती शून्यापासून सुरू केलेली दिसते. सांद्रता १०० मायक्रोमोलर असेल तर संवेदन १.८५ येतं. फरक १.८५, त्याची दहापट १८.५, म्हणजे गिरकीचा दर जवळजवळ शून्य. तो फरक ३ सेकंदांच्या गतीने विरत जातो, आणि गिरक्या परत दिसायला ३ गुणिले १८.५ चा नैसर्गिक लॉगरिदम, म्हणजे पावणेनऊ सेकंद लागतात. अमळनेरच्या वाचकांना वर सांगितलेला १९७२ चा मिसळण्याचा प्रयोग तुम्ही न ठरवता करून दाखवलात: जिवाणूला एकदम ॲस्पार्टेट मिळालं, तो सरळ धावत सुटला. प्रतिमान बरोबर वागतंय याचीच ती खूण. सरक मोजायची असेल तेव्हा मात्र प्रत्येकाची सुरुवातीची स्मृती त्याच्या जागेवरच्या संवेदनाएवढी ठेवा.

तिसरी अडचण निव्वळ संख्येची. चढ असा घ्या: सुरुवातीला १०० मायक्रोमोलर, पुढे दर १००० मायक्रॉनला २.७२ पट. अपेक्षित सरक आधी कागदावर काढता येते. स्मृतीचा काळ ३ सेकंद, दिशा टिकण्याचा काळ १.५ सेकंद (१ सेकंदाला ०.६७ ने भागून). यांचा गुणाकार भागिले बेरीज = १ सेकंद. सरक = १० गुणिले वेगाचा वर्ग गुणिले चढ गुणिले हा १ सेकंद, भागिले ३. म्हणजे १० × ४०० × ०.००१ × १ ÷ ३ = सेकंदाला १.३३ मायक्रॉन. या पट्ट्यात संवेदन शुद्ध लॉगरिदमपेक्षा १५-२० टक्क्यांनी मंद आहे, म्हणून त्रिमितीत प्रत्यक्ष १.१ च्या आसपास अपेक्षा ठेवा. १०० सेकंदांत ११० मायक्रॉन. पण तेवढ्याच वेळात विसरणाचा पसारा २०० मायक्रॉन झालेला असतो. १० जिवाणूंच्या सरासरीतली चूक ६३ मायक्रॉन, मग मधूनच एखाद्या वेळी सरासरी उलटी दिसली तर नवल काय! १००० जिवाणू घ्या, चूक ६ वर येते. नम्पाय या पायथॉनच्या गणिती संचात सगळ्यांची जागा, दिशा आणि स्मृती एकेका सारणीत ठेवली तर १००० जिवाणूंच्या १०,००० पायऱ्या साध्या लॅपटॉपवर फार वेळ घेत नाहीत. जिवाणूगणिक लूप लिहिला की मात्र चहा थंड होतो.

एक गोष्ट या सोप्या प्रतिमानात खरी नाही. उतारावर जाताना इथे गिरक्या वाढतात. बर्ग आणि ब्राउन यांना उतरणाऱ्या धावा जवळपास नेहमीएवढ्याच दिसल्या होत्या. तसं हवं असेल तर दराला सेकंदाला १ ची कमाल मर्यादा घाला. सरक साधारण निम्मी होईल. कुठला पर्याय वापरला ते अहवालात लिहा, कारण दोन विद्यार्थ्यांच्या उत्तरांत दुपटीचा फरक येतो तो बहुधा याच एका ओळीमुळे.

प्रश्न : केलर-सेगल समीकरणं सोडवताना घनता ऋण येते आणि कधी कधी एका बिंदूवर अनंताकडे पळते. चूक समीकरणात की प्रोग्राममध्ये? (पदव्युत्तर विभाग, धुळे)

ऋण घनता ही प्रोग्रामची चूक. अनंताकडे पळणं ही मात्र समीकरणाचीच करणी असू शकते.

ज्या वाचकांनी हे समीकरण पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी: एव्हलिन केलर आणि ली सेगल यांनी १९७० आणि १९७१ मध्ये एकेका पेशीऐवजी पेशींची घनता घेऊन समीकरणं लिहिली. घनता बदलते ती दोन कारणांनी, विसरणाने आणि रसायनाच्या चढाकडे होणाऱ्या सरकेने. रसायन बदलतं ते त्याच्या स्वतःच्या विसरणाने आणि जिवाणूंनी ते खाल्ल्याने. जळगावच्या उत्तरातले आकडे इथे तसेच वापरता येतात: जिवाणूंचा विसरणांक २००, आणि सरकेचा गुणांक १३३३ वर्ग मायक्रॉन प्रति सेकंद (१.३३ भागिले ०.००१). हा दुवा जोडला नाही तर केलर-सेगलमधले गुणांक हवेतून उचललेले राहतात.

ऋण घनतेची तीन कारणं तपासा. पहिलं, काळाची पायरी. ॲस्पार्टेटसारख्या लहान रेणूचा पाण्यातला विसरणांक ८०० ते १००० असतो, म्हणजे जिवाणूच्या चार-पाच पट. पायरीची मर्यादा ठरवतं ते रसायन, जिवाणू नव्हे. जाळीचं अंतर २० मायक्रॉन आणि विसरणांक १००० असेल तर एकमितीत पायरी ०.२ सेकंदाच्या आत हवी. जाळी १० मायक्रॉनची केली की ०.०५ सेकंद. अनेकांनी २०० घेऊन एक सेकंदाची पायरी ठेवलेली असते आणि दोष समीकरणाला जातो. दुसरं, सरकेचं पद मध्यवर्ती फरकाने लिहिलेलं असणं. सरक गुणिले जाळीचं अंतर भागिले विसरणांक हे २ च्या वर गेलं की लाटा उठतात आणि घनता शून्याखाली जाते. सरक १० आणि जाळी ५० मायक्रॉन असेल तर २.५ होतात. जाळी बारीक करा, नाहीतर सरक जिकडून येते त्या बाजूची घनता वापरणारी पद्धत घ्या. तिसरं कारण लॉगरिदमचं. जिवाणूंनी रसायन संपवलं की सांद्रता शून्याला टेकते आणि लॉगरिदमचा चढ फुटतो. नुसत्या लॉगरिदमऐवजी १८ आणि ३००० वालं सूत्र घाला, प्रश्न तिथेच मिटतो.

ऋण संख्या आली की तिला शून्य करून पुढे जाणं हा उपाय नव्हे. त्यामुळे जिवाणू हवेतून निर्माण होतात. प्रवाहाच्या रूपात लिहा, म्हणजे एका खणातून जेवढे बाहेर पडले तेवढेच शेजारच्या खणात आले पाहिजेत, आणि दोन्ही टोकांना प्रवाह शून्य. मग वाढीचं पद बंद ठेवून एकूण बेरीज छापा. ती दहाव्या दशांशापर्यंत तशीच राहिली पाहिजे. आणखी एक ताळा: १ मिलिमीटरच्या बंद नळीत वरचाच स्थिर चढ ठेवून बराच वेळ चालवलं, तर घनता वरच्या टोकाकडे दर १५० मायक्रॉनला २.७२ पट झाली पाहिजे (२०० भागिले १.३३). हे जुळलं नाही तर पुढचं चित्र कितीही सुंदर दिसो, त्यावर विश्वास ठेवू नका.

आता अनंताकडे पळणं. पेशी स्वतःच आकर्षक रसायन सोडत असतील तर गर्दी रसायन वाढवते, रसायन गर्दी वाढवतं. एकमितीत हे आटोक्यात राहतं. द्विमितीत मात्र एकूण पेशी ठरावीक उंबरठ्याच्या वर असल्या (परिमाणं काढून टाकलेल्या रूपात ८π) तर घनता मर्यादित काळात अनंत होते, हे सिद्ध झालेलं आहे. जाळी बारीक करत गेलात आणि शिखर उंचच होत गेलं तर हे तेच प्रकरण. खऱ्या जिवाणूला आकारमान असतं, म्हणून गर्दी झालेल्या जागी सरक कमी करणारं पद घालतात.

जाता जाता: तीव्र चढावर केलर-सेगल जिवाणूला त्याच्या स्वतःच्या वेगापेक्षा जोरात पळवतं. चढ ०.०१५ प्रति मायक्रॉन झाला की सरक २० वर पोहोचते, म्हणजे प्रत्येक जिवाणू नाकासमोर अन्नाकडेच धावतोय असा अर्थ होतो. सरकेला वरून आवळणारं फल लावा. आमच्या मते वेगाच्या निम्म्यापलीकडची सरक कागदावर दिसली की आधी चढच तपासावा.

प्रश्न : कॉलेजच्या प्रयोगशाळेत हे मोजता येईल का? गेल्या उन्हाळ्यात मऊ अगारमध्ये ई. कोलाय टोचलं, ठिपका पसरलाच नाही. (भुसावळ)

येईल, आणि कॅमेरा म्हणून मोबाइल पुरतो. न पसरण्याची कारणं बहुधा चार.

पोहणारी जात नसेल. क्लोनिंगसाठी पाळलेल्या बऱ्याच जाती नीट पोहत नाहीत. ई. कोलायच्या के-१२ या प्रयोगशाळेतल्या वाणातली आरपी४३७ किंवा एमजी१६५५ मागवा, आणि तीही आधी सूक्ष्मदर्शकाखाली पोहताना बघून घ्या. माध्यमात ग्लुकोज असेल तर तेही काढा, कारण ग्लुकोज मिळालं की जिवाणू कशाभिका बनवण्याचं काम कमी करतो. अगार जास्त पडला असेल: एका लिटरला ट्रिप्टोन १० ग्रॅम, मीठ ५ ग्रॅम आणि अगार फक्त २.५ ग्रॅम. नेहमीच्या सवयीने १५ ग्रॅम टाकलं तर जिवाणू जागचा हलत नाही.

चौथं कारण तापमान, आणि खानदेशात पहिला संशय त्याच्यावरच घ्यावा. ई. कोलाय ३७ अंशांना वाढतो जोरात, पण कशाभिका कमी बनवतो. ४२ ला जवळजवळ बनवतच नाही. प्रयोग ३० अंशांवर करायचा असतो. साध्या इन्क्युबेटरला फक्त तापवता येतं. मे महिन्यात खोलीच ४० च्या वर असताना त्याचा काटा ३० वर लावून उपयोग शून्य. थंड करणारा बीओडी इन्क्युबेटर वापरा, तो नसेल तर प्रयोग डिसेंबर-जानेवारीत घ्या. तेव्हा साधा इन्क्युबेटरही ३० धरून ठेवतो.

माध्यम १२१ अंशांवर १५ मिनिटं ऑटोक्लेव्ह करून (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करून), ५० अंशांच्या आसपास आल्यावर ९ सेंटिमीटरच्या प्लेटमध्ये २५ मिलिलिटर ओता. जाडी सुमारे ४ मिलिमीटर होते. झाकून तासभर न हलवता ठेवा. कूलरच्या झोतात ठेवलं तर वरचा थर वाळतो आणि कडा जाडसर होतात. वाढत्या कल्चरचे २ मायक्रोलिटर मधोमध, अगारच्या आत सोडा, तळाला टोक लागू देऊ नका. तळाला सोडलेले जिवाणू काचेलगत पसरतात आणि कडा धूसर दिसते. प्लेट उलटी करायची नाही, मऊ अगार झाकणावर येऊन पडतो. ओल्या कापसाच्या डब्यात ठेवा.

पहिले काही तास फारसं दिसत नाही. मग काळ्या कागदावर, बाजूने उजेड टाकून, मोजपट्टी शेजारी ठेवून दर अर्ध्या तासाने फोटो घ्या. ट्रिप्टोनमध्ये दोन कडी दिसू शकतात: बाहेरचं सेरीन खात जाणाऱ्यांचं, आतलं ॲस्पार्टेटचं. बाहेरच्या कड्याची त्रिज्या काळासमोर मांडा आणि रेष फक्त कडं स्पष्ट झाल्यानंतरच्या बिंदूंतून काढा. सुरुवातीचे तास धरले तर वेग विनाकारण कमी येतो.

गणित इथे असं जोडायचं. केवळ विसरण आणि वाढ असती तर लाटेचा वेग २ गुणिले (विसरणांक गुणिले वाढीचा दर) याचं वर्गमूळ. विसरणांक २०० आणि दुपटीचा काळ ४० मिनिटं धरला तर तासाला १.७ मिलिमीटर. अगारच्या जाळीत विसरणांक पाण्यातल्यापेक्षा कमी असतो, म्हणून हा वेगही कमीच यायला हवा. तरीही कडं याहून जोरात गेलं, तर तो जादा वेग चढाकडच्या सरकेचा. शेजारी पोहणारी पण चढ न ओळखणारी उत्परिवर्तित जात टोचली तर तुलना पक्की होते. वापरलेल्या सगळ्या प्लेटा ऑटोक्लेव्ह करूनच टाका.

प्रश्न : केळीला ठिबकमधून ॲझोस्पिरिलम आणि पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू) ही जिवाणू खतं सोडतो. आमच्याकडे म्हणतात, "पाणी जास तठेच जिवाणू जास का?" जिवाणू स्वतः मुळाशी जात असतील तर ड्रिपर खोडापासून लांब असला तरी चालेल ना? (रावेर तालुका)

नाही चालणार. अहिराणीतला तो प्रश्न अगदी नेमका आहे आणि त्याचं उत्तर बरंचसं "हो" असं आहे. लांबचा प्रवास पाणी घडवतं, जिवाणूची स्वतःची चाल शेवटच्या दोन-चार मिलिमीटरपुरती.

हिशोब बघा. दिशा नसताना, आणि मोकळ्या पाण्यात, जिवाणू १ मिलिमीटर पसरायला ४० मिनिटं घेतो. १ सेंटिमीटरला जवळजवळ तीन दिवस. १० सेंटिमीटरला साडेनऊ महिने, तोवर केळीचा घड कापणीला आलेला असेल. मुळाजवळचं चित्र वेगळं आहे. मुळातून झिरपणाऱ्या साखरा आणि आम्लांचा चढ काही मिलिमीटरच पसरतो, पण त्याच्या आत आलेला जिवाणू २ मिलिमीटर अंतर सेकंदाला पाऊण ते सव्वा मायक्रॉनच्या सरकेनेही अर्ध्या-पाऊण तासात कापू शकतो. चढ नसता तर पावणेतीन तास. हे आकडे ई. कोलायचे आहेत, जमिनीतल्या जिवाणूंचे वेग वेगळे असतात, पण मिलिमीटर आणि सेंटिमीटरमधला हा फरक तसाच राहतो.

शिवाय पोहायला पाणी लागतं. खडबडीत, सच्छिद्र पृष्ठभागावरच्या प्रयोगांत पाण्याचा ताण २ किलोपास्कलच्या आसपास गेला की पोहणं जवळपास थांबलेलं दिसलं. तुमच्या टेन्शिओमीटरवर (जमिनीतल्या पाण्याचा ताण मोजणाऱ्या यंत्रावर) हे २ सेंटिबार, म्हणजे पाणी नुकतंच दिलेलं असतानाची स्थिती. काटा २० वर गेला की मातीच्या कणांवरचा पाण्याचा पापुद्रा जिवाणूपेक्षा पातळ होतो. त्या पापुद्र्यात तो चिकटून बसतो. काळ्या जमिनीत चिकणमाती जास्त, त्यामुळे चिकटणंही जास्त.

म्हणून ड्रिपर मुळांच्या पट्ट्यातच हवा. जिवाणू खत पाण्याच्या पाळीच्या सुरुवातीला सोडू नका, नाहीतर मागून येणारं पाणी त्यातला बराच भाग वरच्या ३०-४० सेंटिमीटरच्या मुळांखाली नेतं. पाळीचा दोन-तृतीयांश भाग झाला की सोडा, आणि नंतर लॅटरल (ठिबकच्या नळ्या) धुण्यापुरतं १०-१५ मिनिटं साधं पाणी द्या. लॅटरल आम्लाने किंवा क्लोरिनने धुतल्या असतील तर आधी साध्या पाण्याने पूर्ण निचरा करा. तांबंयुक्त बुरशीनाशक त्याच दिवशी नको. आणि वेळ संध्याकाळची ठेवा: एप्रिल-मे मध्ये उन्हात पडलेल्या काळ्या लॅटरलमधलं पहिलं पाणी हाताला चटका देतं, तेच जिवाणूंना आधी लागतं.